गाडीचा आवाज दाबण्याआधी तो ऐका

दवनीवाडा हे गोंदिया तालुक्यातले पोलीस ठाण्याचे गाव. तालुका आणि जिल्हा, दोन्हींचे ठिकाण गोंदियाच असल्यामुळे कचेरीचे काम असो, कॉलेज असो की दवाखाना, माणूस गोंदियाच्या रस्त्याला लागतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथे, बाई गंगाबाई महिला रुग्णालयही तिथेच. धानाच्या या पट्ट्यात अशा फेऱ्यांसाठी घेतलेली चारचाकी बहुतेक वेळा नवी नसते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडून आलेली बोलेरो, स्कॉर्पिओ, नाहीतर २०१९ मध्ये उत्पादन थांबलेली सुमो, अशा गाड्यांना मागणी असते. त्याची कारणेही सरळ आहेत. गाडी उंच असते, घरची सगळी माणसे मावतात, वेळ पडली तर दोन पोती टाकता येतात आणि जवळपासच्या कुठल्याही मिस्त्रीला ती खोलता येते.

अशी गाडी घेताना लोक इंजिन बघतात, कागदपत्रे बघतात, पत्रा ठोकून बघतात. ती किती आवाज करते आणि किती आदळते, हे मात्र फारसे कोणी बघत नाही. ‘जुनी गाडी आहे, खडखडणारच,’ असे म्हणून विषय संपतो. चार-सहा महिन्यांनी पाठ बोलू लागते, घरची मंडळी कुरकुर करतात आणि मग मालक सजावटीच्या दुकानात जातो. जाड सीट कव्हर, त्यावर फोमची गादी, खाली जाड मॅटिंग, दारांत चिकटवायच्या काळ्या शीट असा खर्च होतो. गाडी थोडी शांत वाटते आणि पैसे वसूल झाल्याचे समाधान मिळते.

हा क्रम उलटा आहे. गाडीचा आवाज आणि आदळणे ही दुखण्याची लक्षणे आहेत. लक्षण झाकले तर दुखणे तसेच राहते आणि इथे ते दुखणे गाडीपुरते न राहता आत बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत, कानापर्यंत आणि कधी कधी फुप्फुसापर्यंत पोहोचते. म्हणून जुनी गाडी शांत करायची असेल तर आधी दुरुस्ती आणि सगळ्यात शेवटी आवरण, हाच क्रम धरायला हवा. तो खिशालाही बरा पडतो.

हादरा शरीरात कुठे जातो

माणसाचे शरीर सगळ्या हादऱ्यांना सारखे दाद देत नाही. झोका अगदी संथ असेल, तर शरीर सीटबरोबर वरखाली होते आणि फारसा त्रास होत नाही, फार तर मळमळते. फार जलद कंपने त्वचेत आणि मांसातच विरून जातात. अडचण मधल्या पट्ट्यात आहे. बसलेल्या माणसाला वरखाली होणारी कंपने सर्वांत जास्त बाधतात ती सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी. पाठीचा कणा आणि पोटातले अवयव यांची स्वतःची डोलण्याची गती साधारण याच पट्ट्यात, सेकंदाला पाचच्या आसपास आहे. झोपाळ्याला त्याच्याच लयीत ढकलले की तो उंच जातो, तसे या लयीचे हादरे कण्यात वाढत जातात.

हे शास्त्र नवे नाही. संपूर्ण शरीराला बसणारी कंपने कशी मोजायची, याचे आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. युरोपीय संघाने २००२ मध्ये कामगारांसाठी मर्यादा घालून दिल्या. आठ तासांच्या पाळीवर सरासरी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके कंपन झाले की मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ ही मर्यादा ओलांडायचीच नाही. वर्षानुवर्षे अशी कंपने सोसणाऱ्या ट्रॅक्टर, ट्रक आणि बसचालकांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते, हे जगभर नोंदले गेले आहे. त्यात वाकून बसणे, ओझी उचलणे, कमी झोप यांचाही वाटा असतो. सगळा दोष हादऱ्यांवर टाकता येत नाही, पण त्यांना निर्दोषही सोडता येत नाही.

गावाकडची अडचण अशी की, काळी-पिवळी जीप चालवणारा माणूस कुठल्या कारखान्यात नोकरीला नसतो. त्याच्या सीटखाली मोजमापाचे यंत्र कोणी ठेवत नाही. दिवसाला पाच-सहा तास तो जे सोसतो, त्याचा हिशेब फक्त त्याच्या कंबरेकडे असतो. आठवड्यातून दोनदा गोंदियाला जाणाऱ्या घरगुती मालकाचा धोका त्याच्या मानाने बराच कमी आहे. पण त्याच गाडीत आधीच मणक्याचा त्रास असलेली आई, हाडे ठिसूळ झालेली आजी किंवा दिवस गेलेली सून बसते, तेव्हा हिशेब बदलतो.

जाड गादीचा फसवा आराम

सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे सीटवर आणखी एक गादी. इथे भौतिकशास्त्र मालकाच्या विरोधात जाते. कुठलीही स्प्रिंग किंवा फोम हादरा अडवतो तो स्वतःच्या नैसर्गिक गतीच्या साधारण दीडपट गतीपासून पुढे. त्याखालचे हादरे तो अडवत नाही आणि त्याच्या स्वतःच्या गतीजवळचे हादरे तर वाढवतो. माणूस बसल्यावर मोटारीतल्या साध्या फोमच्या सीटची ही गती सेकंदाला चारच्या आसपास येते, म्हणजे कण्याला नको असलेल्या पट्ट्याच्या तोंडाशीच. त्यामुळे मऊ सीट खड्ड्यातली बारीक थरथर खाऊन टाकते, हाताला आणि मांडीला सुखद लागते, पण मोठा हादरा कण्यापर्यंत वाढवून पोहोचवू शकते. वर आणखी मऊ गादी टाकली की माणूस जास्त उसळतो आणि पाठीचा आधारही सुटतो, कारण कंबर आता सीटच्या फुगवट्याच्या वर गेलेली असते.

लांब पल्ल्याच्या ट्रकांत चालकाच्या सीटखाली हवेचा फुगा आणि छोटा शॉकअप असतो तो याचसाठी. त्या सीटची गती बरीच खाली आणलेली असते. जुन्या घरगुती गाडीत हे जमणार नाही. पण बसलेला, खड्डा पडलेला मूळ फोम काढून त्याच जाडीचा घट्ट फोम भरून घेणे हे कुठलाही सीट बनवणारा कारागीर करू शकतो. वरून गादी टाकण्यापेक्षा हा खर्च सार्थ आहे.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे जागा बदलणे. दोन चाकांच्या मधोमध बसलेल्या माणसाला गाडीचा पुढे-मागे झुलण्याचा त्रास सर्वांत कमी होतो. मागच्या चाकाच्या वर किंवा त्याच्याही मागे, समोरासमोरच्या आडव्या बाकांवर बसणाऱ्याला तो सर्वांत जास्त होतो. गतिरोधकावरून वेगात गेलेल्या बसच्या मागच्या सीटवरील प्रवाशांचे कण्याचे मणके दबून मोडल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. आपल्याकडे मात्र पुढची आणि मधली जागा मानाच्या माणसाला मिळते आणि म्हातारी माणसे, बायका-मुले मागे सरकतात. मधली ओळ ही आजारी, वयस्क आणि गरोदर प्रवाशांची जागा मानली, तर एक पैसा न खर्चता त्यांचे हादरे कमी होतील.

गरोदरपणाबद्दल एक गोष्ट स्पष्ट हवी. युरोपीय संघाच्या १९९२ च्या निर्देशात गरोदर कामगार महिलांसाठी धक्के आणि कंपने ही जोखमीची बाब म्हणून नोंदलेली आहे, पण तो विषय रोजच्या, दीर्घ कामाचा आहे. तपासणीसाठी तालुक्याला जाऊन येण्याने अपाय होतो, असा त्याचा अर्थ नाही. गाडी हळू चालवावी, मधल्या सीटवर बसावे, सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाखालून घ्यावा, एवढे पुरते. हादऱ्यांच्या भीतीने दवाखाना टाळणे हा कितीतरी मोठा धोका आहे. रक्तस्राव, तीव्र वेदना किंवा झटके असतील तर घरच्या गाडीची वाट न बघता १०८ ला फोन करावा.

कान काय सांगतो

आवाज मोजायचे डेसिबल हे माप साध्या बेरजेने चालत नाही. ८० डेसिबलचे दोन आवाज एकत्र आले की १६० होत नाहीत, ८३ होतात. याचा उलटा अर्थ मालकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. गाडीत दोन सारखे मोठे आवाज असतील आणि त्यातला एक पूर्ण बंद केला, तरी फक्त ३ डेसिबल कमी होतात आणि कानाला फरक जेमतेम कळतो. एक आवाज इतरांपेक्षा फारच मोठा असेल, तर बाकीच्यांवर केलेला खर्च वाया जातो. म्हणून सर्वांत मोठा आवाज कोणता, हे आधी ठरवायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सुचवलेली सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे. दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास आणि ८९ ला फक्त ५ तास. खिडक्या उघड्या, सायलेन्सर फुटलेला, टायर गुणगुणणारे आणि त्यावर मोठ्याने लावलेली गाणी अशा जुन्या डिझेल गाडीत भाडे मारणाऱ्या चालकाला ही मर्यादा दूरची नाही. घरगुती प्रवाशाच्या कानाला इतका धोका नसला, तरी सततचा घुमणारा आवाज थकवा आणतो, बोलणे तोडतो, चिडचिड वाढवतो आणि थकलेला चालक ब्रेकवर पाय ठेवायला उशीर करतो.

कुठला आवाज कशाचा, हे ओळखायला यंत्र लागत नाही. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वेग स्थिर ठेवावा. गिअर बदलून इंजिनाचे फेरे वाढवले आणि आवाज त्यांच्याबरोबर वाढला, तर तो इंजिन, त्याची माउंटिंग किंवा सायलेन्सरचा. फेरे बदलूनही आवाज तसाच राहिला आणि फक्त वेगाबरोबर चढला-उतरला, तर तो टायर, बेअरिंग किंवा वाऱ्याचा. डांबरी रस्त्यावरून सिमेंट रस्त्यावर जाताच सूर बदलला तर टायर. हळूच डावी-उजवी वळणे घेताना घरघर वाढली किंवा थांबली तर चाकाचे बेअरिंग. खड्ड्यात ‘टक्‌’ असा एकच ठोका आला तर लिंक रॉड, बॉल जॉइंट किंवा शॉकअपचे बुश.

यातले बेअरिंग विशेष महत्त्वाचे. घरघरणारे बेअरिंग पुढे चाक जाम करू शकते. ज्याने आधी जमिनीवर जाड शीट चिकटवल्या, त्याने हा इशारा स्वतःच बंद केलेला असतो.

हवा आणि टायर

दुरुस्ती सुरू करायची ती सर्वांत स्वस्त जागेपासून. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात टायरमध्ये किती हवा हवी, ते लिहिलेले असते, रिकाम्या गाडीसाठी वेगळे आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे. पंक्चरच्या दुकानात मात्र ‘मोठी गाडी आहे’ म्हणून अंदाजाने जास्त हवा मारली जाते. टायर हीदेखील एक स्प्रिंगच आहे. हवा जास्त झाली की ती कडक होते, प्रत्येक दगड आत कळतो आणि टायरची मधली पट्टीच झिजते. हवा कमी ठेवून आराम मिळवणे त्याहून वाईट. टायरच्या कडा तापतात आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना, टायर फुटण्याची भीती वाढते. गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने, पंधरा दिवसांतून एकदा हवा तपासणे हा या साऱ्या लेखाजोख्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

नंतर टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. ‘२३१७’ म्हणजे २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक दिसत असली तरी जुने रबर कडक होते, आवाज वाढतो आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल, तर नियमानुसारही तो टायर रस्त्यावर चालत नाही. जुन्या गाडीला आधीच्या मालकाने चिखलासाठीचे मोठ्या गोट्यांचे टायर चढवलेले असतील, तर डांबरी रस्त्यावर ते घुमणारच. ज्याला शेतातल्या चिखलातून रोज जायचे नाही, त्याने पुढच्या वेळी कंपनीच्या मापाचे, रस्त्याच्या नक्षीचे टायर घ्यावेत. रुंद, पातळ भिंतीचे देखणे टायर खड्ड्यांच्या रस्त्यावर पाठीचे वैरी ठरतात. चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच वेळी उरकून घ्यावे.

शॉकअप, पाटे आणि रबर

स्प्रिंग किंवा पाटे गाडीचे ओझे पेलतात आणि शॉकअप त्यांचे उसळणे थांबवतो. शॉकअप मेला की गाडी एका खड्ड्यावर तीन-चार वेळा डुलते. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडावा. ती वर येऊन लगेच स्थिरावली तर ठीक, डुलत राहिली तर शॉकअप गेला. त्याच्या अंगावर तेल पाझरलेले असेल, तर दाबून बघण्याचीही गरज नाही. शॉकअप हा फक्त आरामाचा भाग नाही. उसळणारे चाक क्षणभर जमीन सोडते आणि हवेत असलेल्या चाकाचा ब्रेक लागत नाही. बदलताना पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही एकदम बदलावेत.

पाट्यांची गोष्ट वेगळी. बोलेरोसारख्या गाडीच्या मागे पाटे असतात आणि ते ओझ्यासाठी बनवलेले असतात, म्हणून रिकामी गाडी जास्त आदळते. गाडीने आधी भाडे किंवा माल वाहिला असेल, तर एखादा पाटा वाढवलेला असू शकतो. दोन्ही बाजूंचे पाटे मोजून, पुस्तकाशी किंवा तशाच दुसऱ्या गाडीशी ताडून पाहावेत. वाढवलेला पाटा काढून गाडी मूळ स्थितीत आणणे योग्य. पण आराम मिळावा म्हणून कंपनीचाच पाटा कमी करणे धोक्याचे आहे, कारण भरल्या गाडीत उरलेले पाटे तुटू शकतात. पाट्यांचा गंज हीसुद्धा मोठी तक्रार. पाटे एकमेकांवर घसरायला हवेत. चिखल आणि गंजाने ते चिकटले की स्प्रिंगचे काम जवळपास बंद पडते, गाडी केवळ टायरच्या हवेवर उसळते आणि तिची गती नेमकी कण्याला बाधणाऱ्या पट्ट्याकडे सरकते. पाटे खोलून, घासून, मधल्या पट्ट्या बदलून बसवले तर जुन्या गाडीचा स्वभाव पालटतो.

मग रबर. पाट्यांचे बुश, इंजिनाची माउंटिंग, चेसी आणि बॉडी यांच्यामधले रबरी गोळे हे सगळे वयाने दगडासारखे होतात. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर उभे असताना सेकंदाला साधारण २७ ठोके मारते. माउंटिंग गेले की हे ठोके सरळ पत्र्यात उतरतात आणि पत्रा ढोलासारखा वाजतो. सिग्नलला उभे असताना आरसा थरथरत असेल तर संशय इथेच घ्यावा. धुलाईनंतर गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जळके ऑइल मारण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. दोन दिवस करकर थांबते हे खरे, पण खनिज तेलाने रबर फुगते आणि कुजते. म्हणजे आवाज थांबवण्याचा हा उपाय पुढच्या आवाजाची तयारी करतो.

फटीतून येतो तो नुसता आवाज नसतो

दाराची रबरी पट्टी म्हणजे बीडिंग, जमिनीतल्या भोकांची बुचे, क्लच आणि गिअर लिव्हरखालची रबरी टोपी, मागच्या दाराची कड या जागांकडे शेवटी लक्ष जाते. हिशेब असा की, एखाद्या भिंतीचा शंभरावा भाग उघडा राहिला, तर बाकीची भिंत कितीही भक्कम असो, आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त घटत नाही. फटी तशाच ठेवून पत्र्यावर महागड्या शीट लावणे म्हणजे दार उघडे ठेवून भिंत जाड करणे.

आणि फटीतून आवाजाबरोबर धूळ येते, धूरही येतो. चालत्या उंच, चौकोनी गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर मागच्या दाराकडे ओढला जातो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. सायलेन्सरचा जोड गाडीच्या पोटाखालीच फुटलेला असेल, तर वास न येणारा कार्बन मोनॉक्साइडही आत शिरू शकतो. प्रवासात अनेकांचे एकदमच डोके दुखू लागले, मळमळले, गुंगी आली तर ‘गाडी लागली’ म्हणून सोडून देऊ नये. खिडक्या उघडाव्यात, गाडी थांबवून सगळ्यांना बाहेर काढावे, त्रास राहिला तर दवाखाना गाठावा आणि आधी सायलेन्सर तपासावा. मागच्या दाराची पट्टी बदलण्याचा खर्च म्हणून आवाजाच्या नव्हे, आरोग्याच्या खात्यात मांडायला हवा.

शीटचे काम शेवटी

एवढे झाल्यावर जो आवाज उरेल, त्यासाठी शीट जरूर लावाव्यात. चिकट, जड शीट पत्र्याचे वाजणे थांबवते. ती सगळीकडे लावायची गरज नसते. पत्र्याच्या मोकळ्या, वाजणाऱ्या मधल्या भागावर पुरते. दारांच्या तळाशी पाणी निघायला बारीक भोके असतात, ती बंद झाली तर पावसाळ्यात दार आतून गंजते. स्वस्त डांबरी शीट उन्हात मऊ होऊन वास सोडतात, म्हणून ब्यूटाइल रबराच्या निवडाव्यात. घरच्या गादीचा फोम किंवा थर्मोकोल मात्र पत्र्याआड कधीही कोंबू नये. तो झटकन पेटतो आणि फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू असतो.

रस्त्याचे काय?

यावर साहजिक आक्षेप येईल की, दोष रस्त्याचा आहे आणि खर्च गाडीवाल्याने का करायचा? आक्षेपात तथ्य आहे. धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पावसाळाभर पाणी उभे असते. खाली कन्हारसारखी चिकण माती असेल, तर ती ओली होऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे डांबर लाटांसारखे होते. निचरा आणि पाया नीट झाल्याशिवाय वरवर थर ओतून हे सुटत नाही. ही जबाबदारी शासनाची आहे आणि ती मागत राहिलेच पाहिजे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांची पाच वर्षे देखभाल ठेकेदाराकडे असते, हे गावाने विसरू नये.

पण काही दोष गावाच्या हातातलेही आहेत. गतिरोधक कसा असावा, हे इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिले आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा यासाठी तो ३.७ मीटर रुंद आणि मधोमध फक्त १० सेंटिमीटर उंच असा पसरट हवा. गावोगावी दिसतात ते हातभर रुंदीचे उभे उंचवटे असतात. त्यांवर गाडी चढत नाही, आपटते. मुलांच्या सुरक्षेसाठी गतिरोधक हवेतच, पण ते मापाचे हवेत. ग्रामसभेत हा ठराव मांडायला कोणी अडवलेले नाही. रस्ता सुधारेपर्यंत वेग कमी ठेवणे हा चालकाच्या हातातला उपाय आहे. त्याच खड्ड्यावर वेग कमी असला की हादराही कमी बसतो.

प्रवासी वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. घरगुती गाडीला मात्र पंधरा वर्षे कोणी विचारत नाही. म्हणून जुन्या गाडीचा व्यवहार हाच तिच्या तपासणीचा खरा मुहूर्त मानायला हवा. सौदा ठरण्याआधी ती गाडी अर्धा तास, गाणी बंद ठेवून, चांगल्या आणि वाईट दोन्ही रस्त्यांवर चालवावी. एकदा मालकाने मागच्या सीटवर बसून यावे. जे ऐकू येईल, ते कागदावर लिहून मिस्त्रीला दाखवावे आणि दुरुस्तीचा अंदाज किमतीतून वजा करून मागावा. विकणाऱ्याला सवलत द्यायची नसेल, तरी निदान घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत, ते कळेल.

गाडी घरी आल्यावरही क्रम तोच ठेवावा. पहिल्या आठवड्यात हवा, बॅलन्सिंग आणि फटी. पहिल्या दोन-तीन महिन्यांत शॉकअप, बुश, माउंटिंग आणि पाटे. टायर जेव्हा संपतील तेव्हा. शीट आणि सीटचे काम दिवाळीनंतर, धानाचे पैसे हाती आल्यावर केले तरी चालते. लांबचा प्रवास करून उतरल्याबरोबर पोते उचलू नये, दहा मिनिटे चालावे, एवढे पथ्य प्रत्येकाने पाळावे. कंबरदुखीसोबत पायात मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल तर गाडीला दोष देत बसू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे.

या कामांसाठी लागणारे मिस्त्री, पंक्चरवाले आणि सीट बनवणारे कारागीर गोंदियात आहेत. बुश आणि शॉकअप बदललेली गाडी शेजाऱ्याला वेगळी दिसणार नाही. पण मागच्या बाकावर बसून दवाखान्यात जाणाऱ्या आजीला तो फरक पहिल्याच खड्ड्यात कळेल.